वऱ्हाडात ज्वारीचं पाकीट

"ताई, दूध थंड घ्या. गरम ओतू नका." हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा बोलले की झोपेतही बडबडायचे, असं घरचे सांगतात. आणि एवढं बोलून ऐकलं कोणी? कोणीच नाही. अमरावतीच्या राजापेठेत नाही की अकोल्याच्या जठारपेठेत नाही.

माझी नोकरी होती किराणा दुकानाबाहेर टेबल मांडून लोकांना कॉर्नफ्लेक्स खाऊ घालण्याची. अमरावती आणि अकोला ही दोन शहरं माझ्याकडे. टेबलावर पांढरा कपडा, कागदी वाट्या, बर्फात ठेवलेली दुधाची बाटली आणि अंगात कंपनीचा पिवळा एप्रन. येणाऱ्या बाईला वाटी द्यायची, कुरकुर आवाज ऐकवायचा आणि पाकीट हातात ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याकडे दूध म्हणजे तापवलेलं, साय धरलेलं, साखर घातलेलं. सकाळी सकाळी थंड दूध पिणारा माणूस एक तर आजारी किंवा त्याला पित्ताचा त्रास. मग बाया पाकीट घरी न्यायच्या, उकळतं दूध ओतायच्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापुढे उभ्या. "काहो बाई, काल तं कुरकुरीत देल्लं होतं, घरी नेलं तं लापशी झाली! पोट्ट्यानं तोंड नाही लावलं."

जठारपेठेतल्या एका दुकानदाराने आमची पाकिटं इसबगोलच्या शेजारी लावली होती. मी म्हटलं, दादा, नाश्त्याच्या वस्तूंत ठेवा ना. तर म्हणतो, "आजाऱ्याचं खानं हाय ते, बरोबर जागी ठेवलं." राजापेठेत एकदा पुण्याहून मोठे साहेब माझं काम पाहायला आले होते. नेमका तेव्हाच एक गृहस्थ आला. वाटी घेतली, दूध नको म्हणाला, दुकानात शिरून कच्चं तेल, तिखट, मीठ आणि चिरलेला कांदा घालून आणला, वरून हातानेच सांबार तोडून टाकला. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. उभ्या उभ्या खाल्लं आणि म्हणाला, "हां, आता लागलं काहीतरी!" दोन पाकिटं घेऊन गेला. साहेब घाबरून मला विचारतात, "हे काय होतं?" म्हटलं, कच्चा चिवडा, साहेब. "पण पाकिटावर असं कुठे लिहिलंय?" त्या दिवशी तेवढाच माल खपला होता.

पुढे कंपनीने टेबलं बंद केली. आता लोक मोबाइलवर बघून घेतात म्हणे. मला फोनवरच कळवलं, एप्रन परत पाठवायला सांगितला. पन्नाशी उलटली होती. खोटं कशाला बोलू, घरी येऊन मी रडले. आणि रडून झाल्यावर प्रचंड राग आला. इतकी वर्षं थंड दूध थंड दूध करत घसा फोडला, आणि निरोप एवढासा!

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि ती नसीमभाभीच्या भट्टीची आहे.

माझं माहेर अकोल्याचं. आईच्या घरापासून चार गल्ल्या सोडून नसीमभाभीची टोस्टची भट्टी. सासऱ्यांनी बांधलेली, लाकडावर चालणारी, आत खोलीएवढी. पाव भाजायचा, त्याचे काप करायचे आणि ते पुन्हा भाजून कडक करायचे, की झाला टोस्ट. दिवाळीच्या आधी मात्र गल्लीत वेगळीच गर्दी असायची. आमच्याकडे नानकटाई कोणी घरी भाजत नाही. रवा, मैदा, साखर आणि घरचं तूप डब्यात घालून भट्टीवर न्यायचं, आपल्या डोळ्यांसमोर मळून घ्यायचं आणि भाजून गरम गरम डबा घरी आणायचा. भट्टीवाल्याला फक्त भाजणावळ. तूप आपलं आहे ना, मग नानकटाई आपली. दुसऱ्याच्या डब्यातली चुकून आली तर बाया भांडायला उठतात. माझ्या आईचा डबा वर्षानुवर्षं तिथेच भाजला गेला, आणि नसीमभाभी नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून मी तिला ओळखते.

या भट्टीची एक बाहेरची भिंत गल्लीकडे आहे. ती बारा महिने गरम. थंडीत म्हातारे लोक तिला पाठ लावून पेपर वाचतात. गल्लीतली माणसं येता जाता भिंतीवर तळवा टेकवतात, सवयच ती. अशी भट्टी कधी पूर्ण थंड पडू द्यायची नसते. थंड पडली आणि एकदम पेटवली की आतल्या विटा तडकतात, मग दुरुस्ती कोण करणार, तसे कारागीर राहिले कुठे?

माझी नोकरी गेली त्या दिवाळीत मी डबा घेऊन गेले, तर नसीमभाभीचं तोंड उतरलेलं. युसूफभाई, तिचा नवरा, जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. जागेत निम्मा हिस्सा धाकट्या दिराचा, सलीमचा. तो ऑटो चालवायचा. पाकिटातले टोस्ट आल्यापासून भट्टीचं काम घटत घटत आठवड्यात दोन दिवसांवर आलेलं. सलीमला भट्टी पाडून तिथे दुकानाचे गाळे काढायचे होते.

सलीम वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. माझ्यादेखतच तो भाभीला म्हणाला, "भाभी, मी काही दुश्मन नाही भट्टीचा. माह्या बापानं बांधली. पन रिकामी भट्टी अन् रिकामं ऑटो सारखंच. उभ्या उभ्या खाते. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतो. तोपर्यंत तिले रोजचं काम भेटलं तं मी तोंड उघडनार नाही. नाही भेटलं तं दिवाळी झाल्यावर मिस्त्री आनतो."

"अन् मी काय करू मंग?" नसीमभाभी म्हणाली. "गाळ्यात बसून मोबाइलचे कव्हर इकू?"

माझाच राग अजून शमला नव्हता, त्यात हा तिचा मिसळला. मी म्हटलं, भाभी, टोस्ट म्हणजे दोनदा भाजलेला पाव. तसाच दोनदा भाजलेला ज्वारीचा दाणा करू. कुरकुरीत. दुधात खायचा. आणि बघच, गरम दुधातही मऊ पडणार नाही असा करू.

"ज्वारीचा?" भाभीने कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! ज्वारीले चिकटपना असते काय?"

नसतो. हेच तर सगळं दुखणं. गव्हाच्या कणकेत ताण असतो, ज्वारीत नाही. ज्वारीची भाकरीसुद्धा उकळत्या पाण्याच्या जिवावर उभी राहते. आम्ही टोस्टच्या साच्यात ज्वारीचं पीठ भरून भाजलं, बाहेर आला भुगा. थोडी कणीक घातली, वरून करपलं आणि आतून कच्चं राहिलं. मग भाकरीसारखं पीठ उकडून घेतलं, चांगलं तिंबलं, गूळ-मीठ घातलं, आणि लाद्या भाजून फोडल्या. फोडायला बत्ता लागला. सलीमने एक दाणा तोंडात टाकला आणि गाल धरून बसला.

"मंगलाताई, हा दाना नाही, छर्रा हाय," नसीमभाभी म्हणाली. "कोनाचा दात गेला तं नवा बशीवून दे म्हनतीन आपल्याले."

मी तेव्हा दर आठवड्याला अमरावतीहून एसटीने अकोल्याला यायचे. घरी नवरा म्हणायचा, आता आराम कर ना. आराम! मला आरामाची चीड यायला लागली होती. ज्वारी आमच्याच घरची, माझे दीर नांदगाव खंडेश्वरला शेती करतात त्यांच्याकडची. एक पोतं गेलं, दुसरं गेलं. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "मंगला, भट्टीत टाकून राह्यली का नदीत?"

मर्म सापडलं ते उष्णतेत. टोस्टला चढती आच लागते. आमच्या दाण्याला उतरती हवी होती. सकाळी टोस्ट निघाले की त्या आचेवर ज्वारीच्या लाद्या भाजायच्या, निवल्या की हाताने मोडायच्या, मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळायच्या, आणि मग ट्रेमध्ये पसरून विस्तव ओढून घेतलेल्या भट्टीत सोडून द्यायच्या. दुपारभर. नुसत्या विटांच्या उबेवर दाणा आतपर्यंत वाळतो, पोकळ होतो, दगड होत नाही. घाई केली की वाया. इतकी वर्षं ती ऊब भिंतीतून गल्लीला फुकट जात होती.

दाणा जमला त्या दिवशी नसीमभाभीने उकळतं दूध आणलं, अगदी वर येणारं. वाटीत दाणा, वरून दूध. आम्ही दोघी बघत बसलो. तिने चहा केला, आम्ही तो प्यायलो, मग चमचा उचलला. कुर्रम! तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघी अशा हसलो की सलीम रस्त्यावरून आत धावत आला. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला "थंड घ्या" म्हणावं लागलं नव्हतं.

मग मी पाकीट केलं. हिरवं, वर ज्वारीचं कणीस, खाली ठळक अक्षरात "गरम दुधातही कुरकुरीत". मला ते पाकीट इतकं आवडायचं की उशाशी घेऊन झोपले असते. जुन्या ओळखीच्या सगळ्या दुकानांत नेऊन ठेवलं, राजापेठेत, जठारपेठेत. आता बघा म्हटलं.

कोणी घेईना. वाट बघून बघून मी त्याच इसबगोलवाल्या दुकानदाराकडे गेले. पाकिटांवर धूळ. म्हटलं, दादा, खाऊन तरी पाहा. त्याने खाल्लं. "चांगलं हाय की!" मग घेत का नाहीत लोक? तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी विचारू नये ते विचारलं.

"बाई, ज्वारी हाय ना ही? ज्वारी तं माह्या घरी कोठीभर पडली हाय. पैसे देऊन ज्वारीचं पाकीट कोन घेईन? अन् कोनाच्या वावरातली हाय, काय मालूम."

मी माहेरी आले आणि आईला सांगितलं. ती म्हणाली, "खरंच तं हाय त्याचं." सगळ्या वऱ्हाडात हे कळत नव्हतं ते एका मला. इथे शहरात राहणाऱ्या माणसाचीही ज्वारी गावाहून येते, मामाकडची, सासरची, नाहीतर नेहमीच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडची. आपली ज्वारी सोडून पाकिटातली कशाला खाईल कोणी? मक्याचं निदान नवल तरी होतं.

माल परत यायला लागला. नसीमभाभी आलेली पाकिटं फळीवर रचत गेली. भट्टी आता रोज पेटत होती, पण आमच्याच पडून राहिलेल्या मालासाठी. असं किती दिवस?

पडून राहिलेलं खायचं तरी कसं, म्हणून आम्ही दोघींनी स्वयंपाकात घालायला सुरुवात केली. पातोडीच्या, म्हणजे बेसनवड्यांच्या, रश्शावर वाढताना मूठभर टाकला तर तिखटजाळ रश्शात कुरकुर लागते, फार छान. ताकात मीठ-जिरं घालून उन्हाळ्यात. आलूबोंड्याला बेसनात बुडवण्याआधी भरडलेल्या दाण्यात घोळवायचा. भाभीने कबाबला पावाच्या चुऱ्याऐवजी हाच लावला. रमजानमध्ये सहरीला दह्यात घालून खायची, म्हणायची की दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. खिरीत मात्र घालू नका, मी घालून पाहिलाय. आणि सगळ्यांत झकास काय? कच्चं तेल, तिखट, कांदा, सांबार. राजापेठेतल्या त्या गृहस्थाला मनातून नमस्कार केला.

बघता बघता दिवाळी आली. सलीमने आठवण करून दिली नाही, पण मिस्त्रीला सांगून ठेवलंय हे गल्लीला माहीत होतं. नानकटाईची रांग लागली. बाया आपापले डबे धरून बसलेल्या. मी त्यांना बसल्या बसल्या खायला म्हणून परातीत दाण्याचा कच्चा चिवडा कालवून ठेवला. विकायचा विचारही नव्हता, तो विचार मी सोडलाच होता. परात फिरत फिरत ठाकरेकाकूंपर्यंत गेली. ठाकरेकाकू म्हणजे मूर्तिजापूरकडच्या शेतकरी घरच्या, आवाज खणखणीत, रांगेत कोणी मध्ये घुसलं तर हात धरून बाहेर काढणाऱ्या.

"हे कायचं होय?"

"ज्वारीचं."

"ज्वारीचं?" पुन्हा मूठ भरली. चावत चावत माझ्याकडे पाहिलं. "माह्या ज्वारीचं होईन काय?"

मी सवयीने तोंड उघडलं. "काकू, हे पाकिटात मिळतं, हिरवं पाकी..." पुढचं बोलूच शकले नाही, कारण नसीमभाभीने कोपराने माझ्या बरगडीत असं ढोसलं की श्वासच अडकला.

"होईन ना काकू," ती म्हणाली. "कावून नाही होनार? दळून आना. तुमच्या समोर भिजवतो."

दुसऱ्या दिवशी काकू पिठाचा डबा घेऊन हजर. डब्यावर नेलपेंटने नाव. भट्टीसमोर स्टूल टाकून बसल्या, पीठ उकडताना पाणी कमी पडलं म्हणून ओरडल्या, गूळ आपलाच घालायला लावला. संध्याकाळी दाणा घेऊन गेल्या. त्या दिवाळीत आणखी काही डबे आले. पण दिवाळीत काय, भट्टीवर सगळेच येतात. भाऊबीज झाली की गल्ली रिकामी होते. खरा प्रश्न त्याच्या पुढचा होता, आणि तो आम्हा तिघांनाही माहीत होता. मी अमरावतीला परत गेलेच नाही. म्हटलं, पडायचीच असेल तर माझ्यासमोर पडू दे.

भाऊबीजेनंतर एक दिवस कोणीच आलं नाही. नसीमभाभी दारात बसून रस्त्याकडे बघत होती. टोस्टचं थोडं काम होतं ते सकाळीच उरकलं. मी भिंतीला हात लावून पाहिला, गरम होती. आपण एखाद्या आजारी माणसाची नाडी बघतोय असं मला वाटलं, आणि रडू आलं म्हणून मी आत जाऊन चाळण्या घासत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकरेकाकू आल्या. पाहुण्यांनी सगळा दाणा संपवला म्हणे. सोबत मोठा डबा. आम्ही भिजवलं, लाद्या भाजल्या, मोडल्या, ट्रे आत सरकवले. काकू स्टुलावर बसल्या न बसल्या तोच सलीम मिस्त्रीला घेऊन आला. सब्बल म्हणजे पहार, घमेलं, सगळं तयारीत. सलीम माझ्याकडे बघत नव्हता. भाभीकडेही नाही.

मिस्त्रीने भिंतीला हात लावला आणि दचकून काढला. "गरम हाय की!"

"असनारच," काकू म्हणाल्या. "माहा माल आत हाय."

"काकू, आज तोडायची हाय भट्टी," मिस्त्री म्हणाला.

"तोड ना. कोन नाही म्हनते? पन माही ज्वारी निंगू दे आधी. दुकानातून आनली काय ती? माह्या घरच्या वावरातली हाय. हात लावशीन तं पाह्यजो!"

"कधी निंगन?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, संध्याकाळी. घाई केली तर वाया जाईल. हे मी मिस्त्रीला अडवायला बोलले नव्हते. तो दाणा खरंच घाई सहन करत नाही.

मिस्त्री काय करणार? सब्बल बाजूला ठेवली आणि भिंतीला पाठ लावून बसला. सलीम ऑटोत जाऊन बसला. दुपारी मागच्या गल्लीतली एक बाई डबा घेऊन आली. तिच्या जावेने ठाकरेकाकूंकडे खाल्लं होतं. नसीमभाभी उठली, डबा घेतला आणि सलीमकडे बघितलं. मग डबा फळीवर ठेवला. पुढे आणखी दोन डबे आले. त्यांतल्या एका बाईने मुगाचं पीठही आणलं होतं, आमच्या ज्वारीत मूग घालून करा म्हणाली. भाभीने तेही फळीवर ठेवले. तीन डबे. मी मोजायचं नाही म्हणत होते तरी मोजले.

ऊन उतरलं तेव्हा आम्ही ट्रे काढले. काकूंनी एक मूठ स्वतः खाल्ली, एक मिस्त्रीच्या हातावर ठेवली. "खा. दिवसभर बसला बिचारा." मी आतून कांदा, तेल, तिखट आणून दिलं. तो सावकाश खात राहिला. मग डोक्यावरचा रुमाल सोडून कपाळ पुसलं.

"आमच्या घरी हायब्रीड ज्वारी हाय," तो मला म्हणाला. "तिचा दाना होते काय?"

मी काही बोलायच्या आत नसीमभाभीने मला थांबवलं. ती सलीमकडे बघत होती. मीही बघायला लागले. ठाकरेकाकूही चावायच्या थांबल्या.

"हे तीन डबे उद्याले निंगतीन," सलीम फळीकडे बघत म्हणाला. "तुहा परवा आन."